युद्धातल्या मृतांचे आकडे: एकाच काळासाठी ४७ हजार, दीड लाख आणि साडेसहा लाख कसे?

कोरा कागद

मार्च २००३ ते २००६ चा मध्य या काळात इराकमध्ये किती माणसं मारली गेली, या एका प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात. 'इराक बॉडी काउंट' हा मृत्यू नोंदणारा प्रकल्प म्हणतो ४७,६६८. इराक सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांची पाहणी म्हणते १,५१,०००. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली आलेला अभ्यास म्हणतो ६,५४,९६५. पहिला आणि तिसरा यांत जवळजवळ चौदा पटींचा फरक.

वादात काय होतं ते ठाऊकच आहे. युद्धाचे समर्थक पहिला आकडा उचलतात, विरोधक तिसरा, आणि स्वतःला तटस्थ म्हणवणारे मधला घेऊन मोकळे होतात. या धाग्यावरच्या सगळ्यांना माझे प्रश्न:

यात कोणी खोटं बोलतंय का? मधला आकडा घेणं हा खरंच तटस्थपणा आहे का? आणि गाझा किंवा युक्रेनसारख्या ठिकाणी आकडा देणाराच लढणाऱ्या पक्षांपैकी एक असेल, तर तो कोणत्या कसोटीवर घासायचा?

'युद्धात पहिला बळी सत्याचा' हे वाक्य कृपया कोणी टाकू नये. त्याने माझं काम पुढे सरकत नाही.

खानेसुमारी

हे तीन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. त्यामुळे त्यांची रांग लावून मधला उचलण्याचा प्रश्नच येत नाही.

४७,६६८ ही नोंद झालेल्या मृत्यूंची बेरीज आहे. बातम्या, शवागारं, रुग्णालयं यांच्या नोंदींत आलेले, फक्त हिंसेने झालेले आणि फक्त नागरिकांचे मृत्यू. ज्याची बातमी झाली नाही, तो यात नाही. म्हणजे हा तळ आहे. खरा आकडा याच्या खाली जाणं कठीण, वर किती ते यातून कळत नाही. १,५१,००० हा घरोघरी विचारून काढलेला हिंसक मृत्यूंचा अंदाज. त्यात नागरिक आणि लढणारे दोन्ही आले (हद्द, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्यात असावा तो पल्ला, १,०४,००० ते २,२३,०००). ६,५४,९६५ म्हणजे अतिरिक्त मृत्यू: युद्धाआधीचाच मृत्युदर चालू राहिला असता तर जेवढे गेले असते, त्याहून जास्त गेलेले. बंद पडलेले दवाखाने, दूषित पाणी, न मिळालेली औषधं यांचे बळीही त्यात येतात. त्यातले हिंसक मृत्यू ६,०१,०२७.

म्हणजे तुलना करायचीच तर दीड लाख आणि सहा लाख यांची करा. फरक चौपट. चौदापट नाही, पण चौपटही थोडाथोडका नव्हे, आणि खरा वाद तिथेच आहे.

लॅन्सेटचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. ४७ समूह, प्रत्येकात साधारण ४० घरं, एकूण १,८४९ घरं आणि १२,८०१ माणसं. जानेवारी २००२ पासून घरात कोण जन्मलं, कोण गेलं हे विचारलं. ६२९ मृत्यू नोंदले गेले; ५४७ आक्रमणानंतरचे, त्यांतले ३०० हिंसक. मृत्युदर आधी वर्षाला हजारी ५.५, नंतर १३.३. फरक ७.८. त्याला सव्वातीन वर्षांनी आणि सुमारे २ कोटी ६० लाख लोकसंख्येने गुणा, साडेसहा लाखांच्या घरात पोचाल. आता उलट्या बाजूने बघा: ३०० मृत्यूंवरून सहा लाख, म्हणजे नमुन्यातला एक हिंसक मृत्यू देशातल्या २,००० मृत्यूंच्या जागी उभा आहे. एखाद्या समूहात दहा मृत्यू इकडचे तिकडे झाले की निकाल वीस हजारांनी हलतो.

पद्धत यात जगावेगळी नाही. आपल्याकडचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही आधी गावं-वॉर्ड निवडून मग घरं निवडतं. फक्त त्याच्या पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरं होती, आणि साथीचा आजार जसा वस्तीवस्तीत कमीजास्त असतो तसा बॉम्बस्फोट त्याहूनही एकवटलेला असतो. त्यामुळे समूह कमी असले की हिंसेचा अंदाज फार डुगडुगतो. २००४ च्या पहिल्या लॅन्सेट पाहणीत ३३ समूह होते, आणि हिंसक मृत्यूंपैकी दोनतृतीयांश फलुजा शहरातल्या एकट्या समूहातले निघाले. तो समूह बाजूला ठेवून ९८,००० अतिरिक्त मृत्यू हा आकडा दिला गेला.

चुका कुठे शिरल्या? २००६ ला घर निवडताना आधी एक मुख्य रस्ता, मग त्याला छेदणारी राहती गल्ली, मग एक घर आणि त्याच्या लगतची घरं, असा क्रम वर्णन केला होता. टीकाकारांचा आक्षेप असा की गस्ती, कारबॉम्ब, बाजार हे सगळं मुख्य रस्त्यांच्या आसपासच असतं. त्या पट्ट्यातली घरं जास्त आली तर आकडा फुगणारच. गल्ल्यांच्या याद्या आणि तपशील मागितल्यावर ते पूर्ण दिले गेले नाहीत, आणि अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने २००९ मध्ये प्रमुख संशोधकावर त्याबद्दल जाहीर ठपका ठेवला.

पण दीड लाखांची पाहणीही धुतल्या तांदळासारखी नाही. ९,३४५ घरं, सुमारे हजार समूह, नमुना कितीतरी मोठा. मात्र ११५ समूहांत धोक्यामुळे कोणी गेलंच नाही, आणि ते प्रामुख्याने अनबार प्रांत आणि बगदादमधले, म्हणजे जिथे सर्वांत जास्त माणसं मरत होती तिथले. त्यांची जागा इराक बॉडी काउंटमधल्या प्रांतवार प्रमाणावरून भरून काढली. शिवाय प्रश्न विचारणारे सरकारी आरोग्य खात्याचे लोक. भावाला कोणत्या टोळीने मारलं हे त्या काळच्या बगदादमध्ये सरकारी माणसाला दारात उभं करून सांगायला छाती लागते.

आणखी एक भोक दोन्हींना आहे. आख्खं कुटुंब मेलं किंवा देश सोडून गेलं तर त्या घरात उत्तर द्यायला कोणीच उरत नाही. २०१३ ला प्रसिद्ध झालेल्या पाहणीत (१०० समूह, २,००० घरं, २००३ ते २०११) देश सोडलेल्या कुटुंबांसाठी सुमारे ५५,००० मृत्यू वेगळे धरले, ते याच कारणाने.

थोडक्यात, प्रत्येक चुकीला दिशा असते: ही वर ढकलते, ती खाली. ती दिशा ओळखायची. मध्य काढला की दोन्ही चुका आकड्यात मुरतात आणि वर समतोलाचा आव येतो.

तिरकस

खानेसुमारींचं विवेचन उत्तम, पण यात पक्षपात कुठे शिरतो ते राहिलं. आकड्यात शिरतो त्याहून जास्त तो *कोणत्या आकड्याची चिरफाड करायची* या निवडीत शिरतो.

ऑक्टोबर २००६ मध्ये लॅन्सेटचा अभ्यास आला आणि बुश यांनी तो विश्वासार्ह नसल्याचं पत्रकारांना सांगून टाकलं. ब्रिटिश सरकारनेही अंतर राखलं. त्याच आठवड्यात ब्रिटनच्या संरक्षण खात्याच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागाराने आतल्या टिपणात अभ्यासाची रचना भक्कम असल्याचं लिहिलं होतं. माहितीच्या अधिकाराखाली ते टिपण २००७ मध्ये बाहेर आलं.

उलट काँगो बघा. त्याच धाटणीच्या पाहण्या, सुरुवातीच्या पाहण्यांत तर इराकच्या पाहणीतलाच एक संशोधक. १९९८ ते २००७ मध्ये ५४ लाख अतिरिक्त मृत्यू, असा अंदाज. तो पाश्चात्त्य राजधान्यांत वर्षानुवर्षं फारशी खळखळ न करता वापरला गेला, कारण तिथे मारणारे त्यांचे सैनिक नव्हते. त्यातही मूळ गृहीतक नाजूक होतं. युद्ध नसताना काँगोत महिन्याला हजारी दीड माणूस मरतो असं धरलेलं. टीकाकार म्हणाले, दीड कमी आहे, दोन धरा. अर्ध्याचा फरक! पण सहा कोटी लोकसंख्येत हजारी अर्धा म्हणजे महिन्याला ३०,०००, वर्षाला ३,६०,०००. आठनऊ वर्षांनी गुणा म्हणजे कळेल.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. समोरचा इराकच्या आकड्याला जे प्रश्न विचारतो, तेच काँगोच्या आकड्याला विचारतो का? नसेल विचारत, तर त्याच्या सांख्यिकीच्या ज्ञानाचं कौतुक करून पुढच्या माणसाकडे वळावं.

दप्तरदार

अंदाजांचं झालं, नावांच्या यादीबद्दल कोणी बोललं नाही.

बोस्नियाच्या युद्धात (१९९२-९५) दोन लाख मेले हा आकडा युद्ध चालू असतानाच रूढ झाला आणि दहा-बारा वर्षं टिकला. साराजेव्होतल्या संशोधन आणि दस्तऐवज केंद्राने मिर्साद तोकाचा यांच्या नेतृत्वाखाली एकेक नाव गोळा केलं. २००७ मध्ये ९७,२०७ नावं, २०१३ च्या छापील ग्रंथात ९५,९४०. सहा वर्षांत आकडा *कमी* झाला याकडे लक्ष द्या. नवी नावं येतात तशी दुबार नावं गळतातही: एकच माणूस जन्मगावी एकदा, मारला गेला तिथे एकदा, लष्कराच्या यादीत तिसऱ्यांदा. बापाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव जुळवल्याशिवाय हे पकडता येत नाही. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या लोकसंख्यातज्ज्ञांनी स्वतंत्रपणे अंदाज काढला तो १,०४,७३२. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन दोघे इतक्या जवळ पोचले, हा मोठा पुरावा आहे.

दोन लाखांचे निम्मे झाले म्हणून बोस्नियाक (बोस्नियातल्या मुस्लिम) समाजातून टीका झाली आणि अत्याचार नाकारणाऱ्यांना आनंद झाला. पण त्याच यादीत ३८,२३९ नागरिक होते आणि त्यांत पाचांपैकी चारांहून जास्त बोस्नियाक. एकूण आकडा घटला तरी कोणावर काय ओढवलं ते अधिक स्पष्ट झालं. त्या यादीतला 'सैनिक' हा रकाना मात्र जपून वाचा. लष्कराच्या नोंदीत नाव होतं एवढाच त्याचा अर्थ. तो लढताना मेला की हात बांधून मारला गेला, हे रकाना सांगत नाही.

(अवांतर: पानिपतच्या त्या निरोपात मोत्ये दोन, मोहरा सत्तावीस असा हिशेब आहे आणि खुर्द्याची गणती नाही. मोठ्यांची नावं आपोआप टिकतात. यादी करायची ती खुर्द्यासाठी.)

आता पक्षकाराने दिलेल्या आकड्याबद्दल. गाझाचं आरोग्य मंत्रालय हमासच्या प्रशासनाखाली येतं, त्यामुळे संशय रास्त आहे. २५ ऑक्टोबर २०२३ ला बायडन यांनी त्या आकड्यांवर विश्वास नसल्याचं म्हटलं. दुसऱ्या दिवशी मंत्रालयाने यादी काढली: एकूण ७,०२८ मृत, त्यांतल्या ६,७४७ जणांचं नाव, वय, लिंग आणि ओळख क्रमांक, उरलेले २८१ अनोळखी. हा नऊ अंकी क्रमांक खोटा रचणं सोपं नाही, कारण शेवटचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने ठरतो, आणि मूळ लोकसंख्या नोंदणी इस्रायलच्या ताब्यात आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध यादी काढली त्याच्याचकडे ती तपासायचं साधन आहे. शिवाय मागचा हिशेब बघता येतो. २०१४ च्या युद्धात मंत्रालय म्हणालं २,३१०, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत २,२५१, इस्रायल म्हणालं २,१२५. एकूण मृतांत फार तफावत नव्हती. भांडण होतं ते यांत लढणारे किती यावर, आणि ते मंत्रालयाच्या यादीतून कळतच नाही.

पण 'मंत्रालयाचा' म्हणून फिरणारा प्रत्येक आकडा असा यादीतला नसतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला आणि काही वेळातच ५०० मृत अशी बातमी जगभर गेली. ढिगाऱ्यातली माणसं इतक्या वेळात मोजून होत नाहीत. मंत्रालयाने पुढे ४७१ सांगितले, अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३०० होता, आणि न्यूयॉर्क टाइम्सने सहा दिवसांनी संपादकीय टीप देऊन आपण हमासच्या दाव्यावर फार विसंबलो असं मान्य केलं. पहिल्या तासाचा आकडा आणि ओळखपत्रांची यादी यांना एकाच स्रोताचं नाव असलं तरी त्यांची पत एक नाही.

कोरा कागद

खूप मदत झाली. दोन उपप्रश्न. मे २०२४ मध्ये 'संयुक्त राष्ट्रांनी गाझातल्या मृत स्त्रिया आणि मुलांचा आकडा निम्म्यावर आणला' अशी बातमी फिरली, ती खरी का? आणि गाझासाठी ६४,२६० हा अंदाज जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तो याद्यांच्या तुलनेवरून काढला म्हणतात. याद्यांतच नसलेली माणसं याद्यांवरून कशी मोजतात?

दप्तरदार

बातमी चुकीची, पण तिचं मूळ खरं. आधी संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात गाझाच्या सरकारी माध्यम कार्यालयाचे आकडे होते: सुमारे ३४,७०० मृतांत ९,५०० हून जास्त स्त्रिया आणि १४,५०० हून जास्त मुलं, म्हणजे जवळजवळ ७० टक्के. मग संयुक्त राष्ट्रांनी मंत्रालयाची ओळख पटलेल्यांची फोड छापली: २४,६८६ जण, पुरुष १०,००६, स्त्रिया ४,९५९, मुलं ७,७९७, वृद्ध १,९२४. एकूण मृतांचा आकडा बदलला नव्हता. दहा हजारांची ओळख पटायची होती एवढंच. तेव्हा 'निम्म्यावर आणला' हे चूक. पण ओळख पटलेल्यांत स्त्रिया आणि मुलं मिळून ५२ टक्के भरतात, त्यामुळे ७० टक्के हे ठासून सांगणंही तेव्हाच थांबायला हवं होतं. दोन्ही बाजू आपल्याला हवा तो तक्ता घेऊन बसल्या.

खानेसुमारी

याद्यांची पद्धत अशी. समजा पहिल्या यादीत ४०० नावं, दुसऱ्या, स्वतंत्रपणे केलेल्या यादीत ३००, आणि १०० नावं दोन्हींत. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या एकतृतीयांश लोकांना पहिलीने पकडलं होतं. मग पहिलीने एकूणांपैकीही एकतृतीयांशच पकडले असावेत: ४०० × ३०० ÷ १०० = १,२००. दोन्ही याद्या मिळून वेगळी नावं ६००. उरलेले ६०० कोणाच्याच यादीत नाहीत.

बिघडतं कुठे? एक, जुळणी. त्या १०० पैकी २० नावं 'मोहम्मद' आणि 'मुहम्मद' अशा लेखनभेदामुळे जुळली नाहीत, तर ४०० × ३०० ÷ ८० = १,५००. जुळणी सुटली की अंदाज फुगतो. दोन, याद्या स्वतंत्र नसणं. एकीवरून दुसरी भरली असेल तर सामाईक नावं वाढतात आणि अंदाज खाली येतो. तीन, दुर्गम वस्तीत एकटा मेलेला माणूस कोणत्याच यादीला सापडत नाही. यानेही अंदाज खालीच जातो. म्हणून दोनऐवजी तीन-चार याद्या घेतात, म्हणजे त्यांचं परस्परावलंबन तपासता येतं. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये साधारण २४,००० नोंदलेल्या मृत्यूंवरून ६९,२८० चा अंदाज (हद्द ६१,००७ ते ७७,५५२) याच वाटेने काढला.

गाझाच्या अभ्यासात तीन याद्या होत्या: रुग्णालयांच्या नोंदी, नातेवाईकांनी भरलेला ऑनलाइन अर्ज, आणि समाजमाध्यमांवरचे शोकसंदेश. ३० जून २०२४ पर्यंत इजेने झालेले मृत्यू ६४,२६०, हद्द ५५,२९८ ते ७८,५२५. मंत्रालयाचा आकडा तेव्हा ३७,८७७. कच्चा दुवा ऑनलाइन अर्जाचा. त्यातून आलेली काही नावं मंत्रालयाने पुढच्या याद्यांतून वगळली आहेत. नावं गळू शकणारी यादी म्हणून ती टाकून देऊ नका; दप्तरदारांनी बोस्नियाचं सांगितलंच आहे.

हद्द वाचताना एक काळजी. ९८,००० च्या २००४ च्या अंदाजाला ८,००० ते १,९४,००० अशी हद्द होती, आणि 'म्हणजे ८,००० ही असतील' अशी थट्टा झाली. दोन्ही टोकं मधल्या आकड्याइतकीच संभवनीय नसतात. पण इतकी रुंद हद्द असताना ९८,००० हा आकडा एकटाच मिरवणंही बरोबर नव्हतं.

तिरकस

युक्रेनचं राहिलं. तिथे नियम एकच: प्रत्येक बाजू स्वतःचे मृत कमी सांगते आणि शत्रूचे जास्त. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपले ५,९३७ सैनिक गेल्याचं सांगितलं. युक्रेन रोज जो रशियन 'हानी'चा आकडा देतं त्यात जखमीही असतात. तो मराठी मथळ्यात 'ठार' होऊन येतो तेव्हा मारणारा आपला उपसंपादक असतो. स्वतःचे मृत झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ३१,००० आणि डिसेंबरमध्ये ४३,००० सांगितले.

यातून वाट काढली ती रशियन पत्रकारांनी. मेदियाझोना हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा शोकसंदेश, थडगी, स्थानिक बातम्या यांवरून नावांची यादी ठेवतात. शिवाय मेदियाझोना आणि मेदुझा (असंच दुसरं संकेतस्थळ) यांनी वारसाहक्काच्या सरकारी नोंदवहीत तरुण पुरुषांची प्रकरणं नेहमीपेक्षा किती वाढली ते मोजलं आणि मे २०२३ अखेर सुमारे ४७,००० रशियन सैनिक मृत असा अंदाज दिला. मृत्यू लपवणाऱ्या सरकारलाही वारसाची नोंद करावीच लागते.

कोरा कागद

मग इराकसाठी टिपणात हे लिहितो, बरोबर आहे का बघा: 'मार्च २००३ ते २००६ चा मध्य या काळात नोंद झालेले हिंसक नागरी मृत्यू ४७,६६८. घरोघरच्या दोन पाहण्यांनुसार लढणाऱ्यांसह हिंसक मृत्यूंचे अंदाज १,५१,००० आणि ६,०१,०२७. पहिलीत सर्वांत हिंसक भागांतले काही समूह राहिले, दुसरीच्या घरनिवडीवर गंभीर आक्षेप आहेत.'

खानेसुमारी

चालेल. पहिल्या अंदाजापुढे १,०४,००० ते २,२३,००० ही हद्द घाला, आणि ६,५४,९६५ चं काय झालं असं कोणी विचारेलच, तेव्हा 'अतिरिक्त मृत्यू, हिंसेव्यतिरिक्तचे धरून' ही ओळ तयार ठेवा.